पहिलीच्या सहा तुकड्या, दहावीची एक: नवी उपनगरं आखणाऱ्यांना खुलं पत्र

नव्या उपनगरांचे आराखडे आखणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सादर नमस्कार.

मी शाळेत शिकवते, खालच्या वर्गांना. शाळा शहराच्या पार कडेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी इथं शेतं होती. मी राहतेही इथंच, शाळेपासून तीन टॉवर सोडून. यंदा आमच्याकडे पहिलीच्या सहा तुकड्या आहेत, चौथीच्या चार, सातवीच्या दोन. दहावीची एकच, आणि तिचेही मागचे दोन बाक रिकामे असतात. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पटसंख्येचा फळा टांगलेला आहे. लोकसंख्याशास्त्रातलं ज्याला ओ की ठो कळत नाही, त्यानं तो फळा दोन मिनिटं बघावा. या वस्तीचं सगळं भविष्य त्यावर खडूनं लिहिलेलं आहे.

पहिलीची पाचवी तुकडी ग्रंथालयात बसते. पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. सहावी तुकडी माझी, ती सभागृहात. मधे कपाटं आडवी लावून भिंत केली आहे. कपाटांच्या पलीकडे संगीताचा तास चालू असतो आणि अलीकडे मी हातच्याची बेरीज शिकवते. मुलांना त्याची इतकी सवय झालीय की पलीकडचं गाणं थांबलं की माझ्याच वर्गातली मुलं माना वर करतात.

पण हे पत्र वर्गखोलीच्या तक्रारीचं नाही. खोली नाही ही तक्रार मी शाळेकडे केली, शाळेनं वर केली, ती कुठंतरी वाट बघत असेल. मला तुमच्याशी बोलायचंय ते आणखी पंधरा वर्षांनी इथं काय होणार आहे याबद्दल. तेव्हा माझ्या या सहा तुकड्यांचं काय होईल हे मला आत्ताच माहीत आहे, आणि तुमच्या आराखड्यात त्याचा मागमूस नाही.

आमच्या वस्तीत कुठल्याही संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून ‘आर्या’ अशी हाक मारली तर पाच मुली वळून बघतात. नावांची जी लाट त्या दोन-तीन वर्षांत आली, ती सगळी इथं उतरली आहे. आया-बाबांकडे बघा. तिशीच्या अलीकडे-पलीकडे. आजी-आजोबा दिसतात ते पाहुणे, नातवंडाला सांभाळायला दोन-चार महिन्यांसाठी आलेले. पंधरा ते पंचविसातलं माणूस शोधावं लागतं. वयाचा आलेख काढला तर दोन उंच टेकाडं येतील, एक दहाच्या आतल्यांचं आणि एक तीस-चाळिशीतल्यांचं, आणि मधे सपाट माळ.

हे योगायोगानं झालेलं नाही. तीन गाळण्या लागल्या आहेत. पहिली गाळणी परवडण्याची. जुन्या शहरात घर घेण्याची ऐपत नसलेली, पण कर्ज मिळण्याइतकी नोकरी स्थिर झालेली माणसं शहरापासून लांब लांब सरकत जातात आणि जिथं हप्ता झेपतो तिथं थांबतात. जगात सगळीकडे हे याच वयात घडतं, लग्न झालेलं असतं आणि मूल झालेलं किंवा व्हायचं असतं. दुसरी गाळणी घरांच्या आकाराची. सगळे टॉवर दोन बेडरूमचे. एकट्या माणसाला ते मोठं, तीन पिढ्यांना लहान. बरोब्बर नवरा-बायको आणि एक-दोन मुलं यांच्या मापाचं. तिसरी गाळणी तारखेची, आणि ती संपूर्णपणे तुमच्या हातातली आहे. हजारो घरांचा ताबा दोन-अडीच वर्षांत दिला गेला. एकाच वयाची माणसं, एकाच मापाच्या घरात, एकाच वेळी. मग त्यांची मुलंही एकाच वेळी पहिलीत येणार, एकाच वेळी दहावीला बसणार, एकाच वेळी घर सोडून जाणार. आणि आम्ही सगळे एकाच वेळी म्हातारे होणार.

तुमच्या कागदांवर लोकसंख्येचा आकडा असतो, तो मी पाहिला आहे. इतकी घरं, घरामागे इतकी माणसं, इतक्या माणसांमागे एक शाळा, एक दवाखाना, एवढं मैदान. हिशेब चुकलेला नसतो, पण तो सरासरीचा असतो. नदीची सरासरी खोली काढून बायकामुलांना पाण्यात उतरवणाऱ्या हिशेबनिसाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मुरलेल्या गावात सरासरी चालते, कारण तिथं वरच्या मजल्यावर नवं जोडपं असतं, मधे कॉलेजातली मुलं, खाली निवृत्त मास्तर. कुणाचं मूल शाळेतून बाहेर पडतं, कुणाचं आत येतं. नव्या उपनगरात सरासरी घर नावाची वस्तूच नसते.

माझ्या पद्धतीनं फळ्यावर मांडून दाखवते. समजा एका टप्प्यात दोन हजार घरं आहेत आणि त्यांपैकी बाराशे घरांत ताबा मिळाल्यावर चार वर्षांत एकेक मूल जन्मलं. म्हणजे एका सालात तीनशे मुलं. चाळिसाची तुकडी धरली तर पहिलीला साडेसात तुकड्या, सलग चार वर्षं. पाचव्या वर्षी पहिलीचं दार उघडतं आणि आत येतात ऐंशी मुलं. दोन तुकड्या! बाकीच्या शिक्षकांनी काय करायचं? तोवर गर्दी पाचवीत पोचलेली असते, मग दहावीत, मग ती शाळेच्या फाटकातून बाहेर पडते. एकाच बाजूची गाडगी भरलेलं रहाट डोळ्यांसमोर आणा. सरासरीवर बांधलेली शाळा आधी फुटते आणि मग ओस पडते. गर्दीच्या वर्षांसाठी बांधलेली शाळा तर त्याहून जास्त ओस पडते. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. आकार बदलणार नाही.

हे कुणालाच सुचलं नव्हतं असंही नाही. इंग्लंडमध्ये शाळांची आखणी करणारे दर शंभर घरांमागे किती विद्यार्थी येतील याचा वेगळा हिशेब ठेवतात, आणि एखाद्या वर्षी मुलं जास्त आली तर तेवढ्यापुरती एक जादा तुकडी उघडतात. ती तुकडी त्याच मुलांबरोबर वर सरकत जाते आणि शेवटी मिटते. तिला तिथं सरळ ‘फुगवट्याचा वर्ग’ अशा अर्थाचंच नाव आहे. ऑस्ट्रेलियात उपनगरी शाळांच्या आवारात हलवता येणाऱ्या खोल्या ठेवतात, गरज संपली की ट्रकवर चढवून दुसऱ्या शाळेत नेतात. दिसायला काही सुंदर नाहीत त्या. पण सभागृहात कपाटांची भिंत करण्यापेक्षा बऱ्या.

आता ज्या गावाची गोष्ट मला खरोखर झोपू देत नाही, त्याकडे येते.

टोकियोच्या मध्यापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर तामा न्यू टाऊन आहे. १९६५ मध्ये त्याचा आराखडा ठरला आणि १९७१ च्या मार्चमध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. सुमारे २,९०० हेक्टर टेकड्या आणि तीन लाखांहून जास्त माणसांसाठी केलेली आखणी. हे काम निष्काळजीपणानं केलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. उलट जगातले उत्तम दाखले समोर ठेवून केलेलं होतं. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजारघटकाची कल्पना मांडली होती. प्राथमिक शाळा वस्तीच्या मध्यभागी ठेवायची, मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं न्यायचे, म्हणजे लहान मुलाला शाळेत जाताना वाहता रस्ता ओलांडावा लागत नाही. तामामध्ये ही कल्पना मन लावून राबवली. एकेका शेजारघटकाला दोन प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक. पायी चालणाऱ्यांच्या वाटा मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, पुलांवरून टेकडी ते टेकडी जाणाऱ्या. शिक्षिका म्हणून मला त्या नकाशाचा हेवा वाटतो.

आणि घरं? पाच मजली इमारतींच्या रांगा, लिफ्ट नसलेल्या. पाचव्या मजल्यावर राहायला येणारी जोडपी पंचविशी-तिशीची होती. एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन ती भराभर वर चढत असतील. पंचविशीतल्या माणसाला जिना दिसतच नाही. आराखडा करणाऱ्यालाही तो दिसला नाही.

मग मुलं मोठी झाली. शिकली, नोकरीला लागली, लग्नं करून दुसरीकडे गेली. आईबाप राहिले. शाळा आधी अर्ध्या रिकाम्या झाल्या, मग त्यांतल्या काही बंद झाल्या. इमारतींच्या पायथ्याशी जी दुकानांची ओळ होती, तिची शटरं एकेक करून खाली आली, कारण म्हाताऱ्या जोडप्याची खरेदी ती किती असणार! आणि पाचव्या मजल्यावरची माणसं सत्तरीची झाली. तीच घरं, त्याच वाटा, तेच पूल, तेच जिने. एक वस्तू बदलली होती, राहणाऱ्यांचं वय. आराखड्यात वयासाठी रकाना नव्हता.

पेरी यांच्या कल्पनेला मी नावं ठेवत नाही. पण वस्तीच्या मध्यभागी शाळा ठेवली की एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जाते, की इथं कायम तेवढीच मुलं असतील. मध्यभागी जे ठेवाल तेच एक दिवस बंद पडलं तर वस्तीच्या मध्यभागीच भोक पडतं.

तामाची गोष्ट तिथंच संपत नाही, म्हणून तर ती सांगण्यासारखी आहे. सुवा भागातली १९७१ ची ६४० घरं पाडून त्या जागी नव्या, लिफ्टच्या इमारतींत १,२४९ घरं बांधली गेली. २०१३ मध्ये ती पुरी झाली. जुने रहिवासी परत आले आणि जास्तीच्या घरांत मुलंबाळं असलेली नवी कुटुंबंही आली. म्हणजे दुरुस्ती करता येते. पण त्यासाठी रहिवाशांच्या बैठकांत वर्षानुवर्षं गेली, घरं रिकामी करावी लागली आणि सगळी इमारत पाडावी लागली. वयाचा रकाना भरायला लागला असता एक कागद.

सिंगापूरलाही हा हिशेब उशिराच कळला. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या कित्येक जुन्या इमारतींत लिफ्ट होती, पण ती प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. मधल्या मजल्यांवरच्यांनी एक-दोन जिने चालायचे. तरुण वस्तीला त्याचं काही वाटलं नाही. २००१ पासून मात्र त्यांना लिफ्ट सुधारण्याची वेगळी योजनाच हाती घ्यावी लागली, प्रत्येक मजल्यावर थांबा देण्यासाठी. तुम्ही म्हणाल आमच्या टॉवरना लिफ्ट आहे. आहे. पण लिफ्टपर्यंत पोचायला सात पायऱ्या आहेत आणि बाजूला उतार नाही. त्या सात पायऱ्यांवरून बाबागाड्या उचलून नेताना रोज सकाळी दोन आया एकमेकींना मदत करतात. आत्ता ती गंमत आहे. गाडी उचलणाऱ्या हातांनाच पुढं कठडा शोधावा लागेल.

बाबागाड्यांवरून आठवलं. इंग्लंडमध्ये युद्धानंतर जी नवी गावं वसवली, त्यांत १९४७ मध्ये जाहीर झालेलं हार्लो नावाचं एक गाव होतं. लंडनमधून तिथं इतकी तरुण कुटुंबं आली की लोक त्याला ‘प्रॅम टाऊन’ म्हणायला लागले, बाबागाड्यांचं गाव. नाव कौतुकानं दिलेलं होतं. आमच्या वस्तीलाही ते शोभेल. फक्त नाव देणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं, की बाबागाडी फार थोडी वर्षं लागते.

मधल्या वयाबद्दल दोन शब्द, कारण त्या वयाला बोलणारं कुणी नसतं. आमच्या आवारात एक घसरगुंडी आहे, दोन झोके आहेत आणि खाली मऊ रबराची फरशी. आठ वर्षांखालच्यांसाठी छान सोय. माझे जुने विद्यार्थी, आता चौदा-पंधरा वर्षांचे, संख्येनं थोडेच, रात्री साडेआठला त्या घसरगुंडीवर बसतात. एक वरच्या टोकाला, दोघं उतारावर, एक खाली फोन धरून. बसायला दुसरी जागाच नाही. नऊ वाजता पहारेकरी येतो आणि शिट्टी वाजवून त्यांना उठवतो, कारण फलकावर लिहिलंय, ‘फक्त लहान मुलांसाठी’. परवा त्यातल्या एकानं मला विचारलं, ‘बाई, आम्ही नेमकं कुठं बसायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. आज ती चार मुलं आहेत. माझ्या सहा तुकड्या त्या वयाला पोचतील तेव्हा अडीचशे असतील, आणि तेव्हा वर्तमानपत्रात ‘उपनगरातल्या तरुणांची समस्या’ असं छापून येईल.

रेल्वेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर सगळे बोलतात. स्टॉकहोमजवळच्या वेलिंगबी उपनगरात भुयारी रेल्वे १९५२ मध्ये पोचली आणि तिथल्या केंद्राचं उद्घाटन १९५४ मध्ये झालं. आधी गाडी. काम, घर आणि केंद्र ही तिन्ही एकत्र असावीत असा त्या आखणीचा आग्रहच होता. तामामध्ये पहिली कुटुंबं १९७१ ला आली आणि रेल्वे उजाडली १९७४ ला. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये. मेलबर्नच्या उत्तरेला तर त्याहून मजेशीर प्रकार. मर्न्डाकडे जाणारी गाडी १९५९ मध्ये बंद केली, मग तिथं घरांमागून घरं उठली, आणि २०१८ मध्ये लोहमार्ग पुन्हा तिथवर न्यावा लागला.

वाहतुकीचा वयाशी काय संबंध, असं वाटेल. आमच्या वस्तीतले बहुतेक आईबाप सकाळी सातला निघतात आणि रात्री आठला येतात. मूल तीन वर्षांचं असतं तेव्हा हा प्रवास सर्वांत महाग पडतो. पैशात नव्हे, मुलाच्या दिवसात. मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा मेट्रो येईल आणि आम्ही टाळ्या वाजवू. ज्या वर्षांत ती हवी होती ती वर्षं माझ्या वर्गात पाळणाघराची बस येईपर्यंत खिडकीला नाक लावून उभी असतात.

आता घरांच्या मापाकडे येते. इथं माझं स्वतःचं दुखणं आहे, म्हणून थोडं लांबेल.

माझी आई बहात्तर वर्षांची आहे. जुन्या शहरात एकटी राहते. तब्येत बरी आहे, स्वतःचं स्वतः करते, पण मागच्या पावसाळ्यात एकदा घसरली आणि तेव्हापासून आम्हा दोघींनाही अंतर जाणवायला लागलं. मी म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणाली, ‘तुझ्या घरात नको गं, तुझ्या घराजवळ दे.’ तिला तिचा ओटा हवा, तिची दुपार हवी, आणि संध्याकाळी नात दहा मिनिटांवर हवी. मी आमच्या अकरा टॉवरमध्ये एका खोलीचं घर शोधलं. विकत नाही, भाड्यानं नाही, एकही नाही. बांधलेलंच नाही. विक्री कार्यालयातल्या मुलीनं अगदी नम्रपणे सांगितलं, ‘मॅडम, आपल्याकडे फॅमिली प्रॉडक्ट आहे.’ त्या वाक्यात माझी आई फॅमिलीत बसत नव्हती.

एका खोलीची घरं फक्त माझ्या आईसाठी नकोत. ती माझ्या मुलीलाही लागणार आहेत, तिची पहिली नोकरी लागेल तेव्हा. आमच्या शाळेत नव्यानं लागणाऱ्या शिक्षकाला लागणार आहेत, जो आत्ता दीड तास प्रवास करून येतो आणि वर्ष संपायच्या आत सोडून जातो. आणि मला लागणार आहे, घरात दोनच माणसं उरतील तेव्हा. तुमच्यातले काहीजण म्हणतात की उपनगर आपोआप ताजं होतं, जुने विकून जातात आणि नवे येतात. होतं असं, काही ठिकाणी. पण म्हातारं माणूस घर सोडतं कधी? त्याच रस्त्यावर, त्याच डॉक्टरजवळ, त्याच मैत्रिणींजवळ लहान घर मिळालं तर. ते नसलं तर ते दोन बेडरूमला चिकटून बसतं, एक खोली कायम बंद ठेवून, आणि ज्याला ते घर हवं तो तरुण आणखी दहा किलोमीटर पुढं जातो. तिथं तुम्ही पुन्हा असाच आराखडा मंजूर करता.

सिंगापूरमध्येच २०१७ साली कंपुंग ॲडमिरल्टी नावाची एक इमारत उभी राहिली. वर ज्येष्ठांसाठी १०४ लहान घरं, त्याच इमारतीत दवाखाने, खाण्याची ठिकाणं, आणि बालसंगोपन केंद्र ज्येष्ठांच्या केंद्राला लागून. एका इमारतीनं देशाचं वय बदलत नाही, हे मलाही कळतं. पण आई म्हणते ते ‘जवळ’ कुणीतरी नकाशावर काढून दाखवलं आहे.

आणि लेव्हिटाऊन. न्यू यॉर्कजवळच्या या वस्तीचं काम १९४७ मध्ये सुरू झालं आणि १९५१ पर्यंत १७ हजारांवर घरं झाली, साच्यातून काढल्यासारखी. एकसारखेपणाबद्दल तिला खूप नावं ठेवली गेली. मला तिच्यातली एक गोष्ट आवडते. सुरुवातीच्या घरांचा पोटमाळा मुद्दाम अर्धवट सोडलेला होता. मूल झालं की लोक तिथं खोली काढत. घर कुटुंबाबरोबर वाढायचं. आणि एक गोष्ट अजिबात विसरता येत नाही. तिथल्या करारात गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव होता. कुणी राहायचं आणि कुणी नाही हे वस्तीच्या पायातच घालून ठेवलं होतं. आमच्याकडे असा करार नाही. पण घरांचं एकच माप ठेवलं की दारावर पाटी न लावताही बरीच माणसं बाहेर राहतात.

मला ठाऊक आहे, उलट बाजूनं काय म्हटलं जाईल. तरुण कुटुंबांना तरुण शेजारच हवा असतो. खरं आहे, मलाही हवा होता. माझी मुलगी तापली तेव्हा रात्री दोन वाजता समोरच्या दारावर थाप मारता आली, कारण समोरही तेवढंच मूल होतं. वाढदिवसाला वेगळं बोलवावं लागत नाही, दार उघडलं की पोरं आत. हे सुख खोटं नाही आणि ते कुणी काढून घ्यावं असं माझं म्हणणं नाही. चारांपैकी तीन शेजारी माझ्या वयाचे असू देत. चौथा वेगळा असू दे, एवढंच.

दुसरं म्हणणं बांधणाऱ्यांचं, की लहान घरं विकली जात नाहीत. मग ती विकण्यावर सोडू नका. मैदान कोण विकत घेतं? तरी ते आराखड्यात असतंच, कारण तुम्ही ते सक्तीचं केलंय.

तेव्हा मागणं असं. आराखड्याला लोकसंख्येचा तक्ता जोडता, त्यालाच वयाचा तक्ता जोडा. ताब्यानंतर पाच, दहा, वीस आणि तीस वर्षांनी इथं कोणत्या वयाची किती माणसं असतील, ते लिहा आणि लोकांसमोर ठेवा. चुकेल थोडा, चुकू दे. दर पाच वर्षांनी शाळांचे हजेरीपट मागवून दुरुस्त करा, आम्ही आनंदानं देऊ. सगळ्या घरांचा ताबा एका दमात देऊ नका. दहा-बारा वर्षांत पसरला तर तुकड्याही पसरतील. प्रत्येक टप्प्यात काही घरं लहान ठेवा, खालच्या मजल्यांवर, पायरीविना. शाळा बांधताना एका पंखाला वेगळं फाटक आणि रुंद दारं द्या, म्हणजे तुकड्या आटल्यावर तिथं ज्येष्ठांचं दिवसाचं केंद्र किंवा तरुणांची अभ्यासिका चालेल आणि उरलेली शाळा शाळाच राहील. पहिल्या किल्लीच्या आधी निदान बस तरी सुरू करा. आणि पंधरा वर्षांच्या मुलांसाठी एक जागा. घसरगुंडी नसलेली.

शेवटचं. आमच्या शाळेमागे एक मोकळा भूखंड आहे. नकाशात तो शाळेच्या विस्तारासाठी राखीव होता. आता त्यावर आणखी दोन टॉवर येणार अशी कुजबूज आहे. मागच्या शनिवारी चार माणसं तिथं टेप धरून मापं घेत होती. माझी पहिली ‘फ’ खिडकीशी गोळा झाली. एकानं विचारलं, ‘बाई, तिथं काय होणार?’ मी म्हटलं, ‘आपली शाळा मोठी होणार.’

तुमच्या वतीनं बोलून गेले. ते खरं आहे की नाही, एवढं कळवावं. मुलं सोमवारी पुन्हा विचारतील.

आपली,
एक शिक्षिका, पहिली ‘फ’